खालून वर लिहिलेलं मत

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "फिलिपाइन्सला गेला होतात म्हणे! काय पाहिलंत तिकडे?" मी म्हणतो, "निवडणूक." विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. त्याला ज्वालामुखी हवा असतो, निदान एखादी मगर तरी. निवडणूक तर आपल्याकडेही नुकतीच होऊन गेली. तिच्यासाठी बोटीत बसून पोटातलं सगळं समुद्राला वाहायची काय गरज होती?

गरज नव्हतीच. मला पाठवलं होतं ते अननसाच्या पानांपासून कापड कसं विणतात हे पाहायला. पण पाहता पाहता एका बाईच्या मतात माझा जीव असा अडकला, की कापड राहिलं बाजूला. अहवाल मी लिहून दिला आहे, तो सचिवालयात सुखाने झोपला असेल. त्यात जे बसण्यासारखं नव्हतं ते इथे सांगतो.

नागपूरहून

आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळी नागपुरात आले ते दौत-लेखणी घेऊन, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात कुणी दुसरं काही हातात धरलेलं नाही. मी हातमाग खात्यात कारकून. माग मी पाहिलेला तो बाहेरून, खुर्चीवरून. म्हणून माझ्याबरोबर खरा जाणकार दिला होता, उमरेडचे नत्थूजी. जातीचे कोष्टी, वय साठीच्या अलीकडे, धोतराची रेशमी किनार विणण्यात त्यांचा हात धरणारा नाही. लिहिण्या-वाचण्याशी मात्र त्यांचं वाकडं. पासपोर्टावरसुद्धा त्यांचा अंगठाच आहे. मला ते 'भाऊ' म्हणत, आणि रागावले की 'बाबू'.

"काहून जाऊन राहिलो गा आपण?" त्यांनी स्टेशनवर विचारलं. "त्या लोकाईले कापूस नाही भेटत का?"

त्यांच्या बायकोने गाडी सुटता सुटता एक पत्र्याचा डबा माझ्या हातात कोंबला. आत घरचा सावजी मसाला. डबा बंद होता तरी शेजारचा प्रवासी शिंकला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "याइले तिकडचं अळणी खाऊ नका देऊ. अळणी खाल्लं का भल्ले चिडचिड करते."

गणपती नुकतेच बोळवले होते. म्हणजे दसरा-दिवाळी परदेशात जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

मनिला

बोटीचे दिवस गाळतो. ते मी जगलो हेच पुष्कळ झालं.

मनिलात उतरलो तो सारं शहर कागदाने मढवलेलं. भिंती, खांब, झाडांचे बुंधे, सगळीकडे उमेदवारांचे चेहरे. महायुद्धानंतर अमेरिकन फौजेने टाकून दिलेल्या जीपगाड्या लांब करून, रंगवून, झालरी लावून त्या लोकांनी भाड्याने चालवायला काढल्या आहेत. नत्थूजींनी पहिली गाडी पाहिली आणि थबकले. "पोळ्याच्या बैलावानी सजवली गा! मंग हिले पुरणपोळी बी चारत असन."

तिथलं राजकारण दोन ओळींत सांगतो, कारण पुढे लागेल. सत्तेवरच्या पक्षाला लोक विटले होते. एक जुना विरोधी पक्ष होता. शिवाय सत्ताधाऱ्यांतूनच फुटून काही जणांनी नवा पक्ष काढला होता. कालपर्यंत एकमेकांची तोंडं न पाहणारे हे दोघे एकत्र आले आणि त्यांनी अध्यक्षपदासाठी एकच माणूस उभा केला. नाव मुद्दाम देत नाही. लोक त्याला 'आपला माणूस' म्हणत, तेवढं पुरे. तो बाह्या सरसावून खेड्यापाड्यांत हिंडे, चिखलात उतरे, शेतकऱ्याच्या पानातलं खाई. आम्ही त्याच्या सभेला गेलो होतो. आम्हाला दिसल्या त्या पुढच्या हजारो लोकांच्या पाठी. पण त्या पाठी आनंदात होत्या, हे मागूनही कळत होतं.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. आपल्याकडे दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चित्र. चित्र बघायचं, कागद टाकायचा, झालं. आमच्या मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी तर पेटीला हळदकुंकू वाहून आल्या. फिलिपाइन्समध्ये तसं नाही. कागद कोरा असतो; मतदाराने आपल्या हाताने त्यावर उमेदवाराचं नाव लिहायचं. लिहिता येत नसेल त्याला मतच नाही.

"म्हणजे मी इथं जन्मलो असतो तं मले मत नाही?" नत्थूजी म्हणाले.

"नाही."

"मंग बरं झालं उमरेडले जन्मलो."

अननसाचं गाव

मनिलाहून छोट्या आगबोटीने पनाय बेटावर, कालिबो गावाला. तिथून नारळीच्या बनातून चालत एका वाडीत. आमचे यजमान मानोंग इस्को. मानोंग म्हणजे थोरला भाऊ, मानांग म्हणजे थोरली बहीण; तिकडे वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आणि हे ऐकूनच मला निम्मं घरी आल्यासारखं वाटलं. इस्को तरुणपणी हवाईला ऊस तोडायला गेला होता, तिथून मोडकं-तोडकं इंग्रजी आणि सोन्याचा एक दात घेऊन परतला. जुन्या विरोधी पक्षाचा तो वाडीतला पुढारी. त्याचं घर बांबूचं, खांबांवर उभारलेलं, खाली डुकरं. डुकरांवर झोपायची सवय व्हायला मला दोन रात्री लागल्या. नत्थूजी पहिल्याच रात्री घोरले.

शेजारच्या घरात माग होता, आणि त्या मागावर मानांग सेबिया. पन्नाशी ओलांडलेली, किरकोळ, गालफडं वर आलेली, विधवा. ती अननसाचं पान फळीवर ठेवून फुटक्या बशीच्या कडेने खरवडी. हिरवा गर निघून जाई आणि आत पांढरे तंतू लखलखत. ते तंतू धुऊन, वाळवून, टोकाला टोक गाठ मारत जायचं. गाठ अशी की बोटाला लागत नाही. हा धागा इतका नाजूक की झुळूक आली तरी तुटतो, म्हणून विणताना खिडक्या बंद. आत भट्टी. नत्थूजींनी उपरणं काढलं, सदरा काढला, आणि उघड्या अंगाने मागाखाली शिरले. तिला आमची भाषा येत नव्हती, यांना तिची. तरी संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांवर ओरडत होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"धोटा हळू फेक म्हणते. मी म्हणून राहिलो, तुह्या आजीच्या आधीपासून फेकून राहिलो. समजलं तिले. भल्ली हुशार बाई होय."

खाणं सांगायलाच हवं. भात तिन्ही त्रिकाळ. केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, नारळाच्या दुधात शिजवलेला, त्याला सुमान म्हणतात. तो मी न्याहारीला इतका खाल्ला की मानोंग इस्कोची बायको माझं पान वाढताना आधीच हसायची. मासे मी घरी खात नाही, तिथे खाल्ले. हे वाचून घरात जो गोंधळ व्हायचा तो होऊ दे. लिंबाएवढं एक आंबट हिरवं फळ ते प्रत्येक गोष्टीवर पिळतात. नत्थूजींनी ते सोलून पाहिलं, फोडी मोजल्या आणि निर्णय दिला, "हे तं आमच्या संत्र्याचं पोट्टं होय. उपाशी राहिलं, म्हणून मोठं नाही झालं."

मेलेल्यांची जत्रा

नोव्हेंबर लागला तशी सारी वाडी कबरस्तानाकडे निघाली. मला वाटलं कुणी गेलं. तर नाही, आपली सर्वपित्री असते तसा त्यांचा तो दिवस. फक्त आपण पितरांना घरी बोलावतो आणि हे लोक त्यांच्याकडे जेवायला जातात. कबरी चुन्याने रंगवलेल्या, मेणबत्त्या, फुलं, डबे, पत्त्यांचे डाव, पोरांची पळापळ. एका कबरीवर एकजण गिटार वाजवत बसला होता. मेल्यावर असा गोतावळा येणार असेल तर मरायला हरकत नाही, असं मनात येऊन गेलं.

मानांग सेबियाने आम्हाला आपल्या नवऱ्याच्या कबरीपाशी बसवलं, सुमान दिलं, आणि कबरीवर हात थोपटत काहीतरी म्हणाली. आजूबाजूचे सगळे खदखदून हसले. इस्कोने सांगितलं, "ती म्हणते, हा माझा नवरा. मागच्या निवडणुकीत याने मत दिलं."

"बरं," मी म्हणालो.

"आणि मेला त्याच्या दोन पावसाळे आधी."

सगळे पुन्हा हसले. सेबियाही हसली, पण नंतर तिने जे सांगितलं ते हसत नव्हे. मागच्या खेपेला लबाडी फार झाली होती. तिचा नवरा लिहिता-वाचता येणारा, यादीत नाव होतं, ते कुणी काढलं नाही, आणि कुणीतरी त्याच्या नावाने मत देऊन गेलं. ती स्वतः निरक्षर, तिला मत नव्हतं. "मेलेला माणूस मत देतो," ती म्हणाली, "आणि मी जिवंत, रोज भात शिजवते, कापड विणते, मला नाही. तेव्हा मी ठरवलं, अक्षर शिकायचं."

आणि शिकली. शाळेच्या मास्तरांकडे जाऊन, पोरांच्या मागे बाकावर बसून. स्वतःचं नाव लिहून दाखवलं आणि यादीत चढली. आता राहिली होती उमेदवारांची नावं.

हे ती सांगत असताना चार कबरी पलीकडे एक जाडसर गृहस्थ टोपी हातात घेऊन खाली बघत बसला होता. तो मानोंग दोरो. फुटून निघालेल्या नव्या पक्षाचा वाडीतला पुढारी. म्हणजे मागच्या निवडणुकीत तो सत्ताधाऱ्यांच्या बाजूला होता. इस्कोने माझ्या कानात सांगितलं, "त्या वेळी सगळी यादी याच्याच हाताखाली होती. आता म्हणे आम्ही मित्र!" आणि तो कबरीच्या पलीकडे थुंकला.

दोन बँड, एक वाटी

मनिलात पक्ष एक झाले तरी वाडीत इस्को आणि दोरो एक होईनात. एकत्र मिरवणूक काढायची ठरली, तर दोघांनी आपापला बँड आणला. एकाने एक चाल धरली, दुसऱ्याने दुसरी, आणि दोन्ही बँड शेजारी शेजारी चालत एकमेकांना हरवायला फुंकत राहिले. नत्थूजींनी कानात बोटं घातली. "हे आघाडी होय का पिछाडी?"

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मला घराची फार आठवण आली. सकाळपासून काही सुचेना. दुपारी नत्थूजी उठले, इस्कोच्या बायकोकडून दोन कोंबड्या मागून घेतल्या आणि तो पत्र्याचा डबा उघडला. संध्याकाळी नारळाच्या करवंट्यांत तेल-वात घालून आम्ही जिन्यावर दिवे मांडले आणि आतून सावजी रश्श्याचा वास सुटला. वाडी गोळा झाली. इस्कोने एक घास खाल्ला, सोन्याचा दात दाखवून हसला, आणि मग बाहेर जाऊन माठात तोंड घातलं.

वासाने दोरोही आला. पण इस्कोच्या घरात पाऊल ठेवायचं नाही असा त्याचा वर्षानुवर्षांचा पण. तो खालच्या पायरीवर घुटमळत उभा. नत्थूजींना राजकारणाचं काय! ते वाटी घेऊन खाली गेले आणि त्याच्या हातात दिली. दोरोने पायरीवर बसून पूर्ण वाटी खाल्ली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक लाल, तरी थांबेना. इस्को वरून कठड्याला टेकून पाहत होता आणि असा खूश होता, जणू त्यानेच तिखट घातलं.

"अजून द्या त्याला," तो मला म्हणाला. "याला रडताना पाहायला मी फार वर्षं थांबलो आहे."

त्या रात्री माझी दिवाळी झाली. चकली नव्हती, करंजी नव्हती, पण झाली.

विणलेली अक्षरं

सेबियाला दोन नावं शिकायची होती. मतपत्रिकेच्या डोक्यावर अध्यक्षाचं नाव. तो माणूस इस्कोच्या पक्षाने पुढे केलेला. तळाशी त्या भागाच्या प्रतिनिधीचं नाव. ती जागा वाटणीत दोरोच्या पक्षाला गेलेली. मधल्या ओळी कोऱ्या ठेवल्या तरी चालणार होतं. इस्को सकाळी मासळी घेऊन यायचा आणि वरचं नाव शिकवायचा. दोरो दुपारी नारळ घेऊन यायचा आणि तळचं नाव शिकवायचा. दोघांनी एकमेकांच्या उमेदवाराचं अक्षरही कधी काढलं नाही. सेबिया दोघांनाही मान डोलवायची. "निवडणूक अशीच चालू दे," ती म्हणाली, "माझ्या कालवणाची सोय झाली आहे."

माझं अक्षर खात्यात वाखाणलं जातं. मला वाटलं, आपण हिला झटकन शिकवू. पाटी दिली, नाव लिहून दिलं, म्हटलं, गिरव. तिने पेन्सिल धरली आणि पाटीच्या तळाशी एक ठिपका दिला. मग थोडी जागा सोडून दुसरा. मग दोन जवळ जवळ. असं डावीकडून उजवीकडे पार टोकापर्यंत गेली. मग त्याच्यावर दुसरी ओळ, पुन्हा ठिपके, पुन्हा टोकापर्यंत. तोंडाने काहीतरी पुटपुटत. मी गोंधळलो. मला वाटलं, हिला कळलंच नाही, ही रांगोळी काढते आहे. मी तिचा हात धरून 'असं, वरून खाली' करून दाखवायला लागलो.

नत्थूजी मागून हसत सुटले. "राहू दे गा भाऊ! बाई लिहून नाही राहिली, इणून राहिली!"

आणि खरोखर, ओळीवर ओळ चढत गेली आणि पाटीवर सगळी अक्षरं एकदम उगवली. पाय आधी, डोकी शेवटी. मागावर नक्षी तशीच येते. कापड विणणाऱ्याच्या पोटापासून सुरू होतं आणि पुढे वाढतं, आणि आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत गेल्याशिवाय वरची ओळ येतच नाही. शाळेत तिला अक्षरं काही केल्या लक्षात राहत नव्हती. मग तिने फळ्यावरची अक्षरं घरी जाऊन कापडात फुलांसारखी विणून पाहिली. तिथे ती पक्की बसली. आता तीच तिची लिहिण्याची रीत. नाव सुबक यायचं, वळणदार यायचं, पण एका नावाला माझा विडा चघळून व्हायचा.

"लवकर लिहायला पाहिजे," मी इस्कोमार्फत सांगितलं. "तिथे फार वेळ थांबू देत नाहीत."

"घाईत विणलेलं कापड उसवतं," ती म्हणाली.

मतदान

शाळेच्या भिंती अर्ध्या उंचीच्या, बांबूच्या. आम्ही परके, म्हणून रस्त्यापलीकडे कुंपणाशी उभे. आत एका टेबलाशी मास्तर प्रमुख म्हणून बसलेले. शेजारी तीन पक्षांची तीन माणसं, इस्को, दोरो आणि सत्ताधाऱ्यांकडून गवती टोपी घातलेला एक तरुण वकील. आत काय बोलणं झालं ते इस्कोने नंतर मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एकच सांगितलं, म्हणून खरं धरतो.

सेबिया नवा झगा घालून, केसांना तेल लावून आली. वकिलाने तिला अडवलं. "ही बाई निरक्षर आहे." मास्तर म्हणाले, "मीच शिकवलंय." कागद मिळाला. ती आडोशाच्या टेबलाशी बसली, कागद सरळ केला, आणि आम्हाला तिच्या डोक्याच्या हालचालीवरून कळलं की ती तळापासून सुरू करते आहे.

इस्को तिला दहादा सांगून गेला होता, "आधी वरचं नाव, आधी वरचं!" पण ती विणकर, ती वरून सुरू करेल कशी? तळचं नाव होतं दोरोच्या माणसाचं. दोरोच्या चेहऱ्यावर हळूहळू चंद्र उगवला, आणि इस्कोच्या चेहऱ्यावरचा मावळला.

रांग वाढली. कुणी जांभया द्यायला लागलं, कुणी खाली बसलं. एक बाई ओरडली, "मानांग, कागद भर, चादर विणू नको!" सगळे हसले. सेबियाने मान वर केली नाही. तळचं नाव झालं. ती वरच्या नावाला लागली, एक ओळ झाली असेल नसेल, तेवढ्यात वकील उठला. "वेळ संपली. कागद घ्या."

मास्तर घुटमळले. नियम तसा होता खरा. इतकं शिकून, इतकं ठरवून हिचं मत अर्धं राहणार? आणि राहिलं ते नेमकं तेच, ज्याच्यासाठी सारी वाडी नाचत होती.

इस्को उठायच्या आत दोरो उठला. त्याच्या माणसाचं नाव लिहून झालेलं. तो गप्प बसला असता तर त्याचं काहीच जात नव्हतं. तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "ती बसेल. पूर्ण होईपर्यंत बसेल. या गावात हिच्या घरचं एक मत एकदा कुणीतरी लिहून टाकलंय. आज हिचं हिला लिहू द्या. रांगेतल्या कुणाची हरकत असेल त्याने हात वर करावा."

रांगेत कुणीच हात वर केला नाही. जांभया देणाऱ्यांनी तोंड मिटलं. मास्तरांनी वकिलाकडे पाहिलं, वकिलाने रांगेकडे पाहिलं आणि तो खाली बसला. इस्कोने सरकून दोरोला बसायला जागा केली, हे आम्हाला लांबूनही दिसलं.

सेबियाने शेवटची ओळ केली, कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, दुमडला आणि टेबलाशी आली. तर मास्तरांनी तिच्यापुढे शाईची गादी सरकवली. तिकडे प्रत्येक मतदाराने मतपत्रिकेच्या फाडून घ्यायच्या तुकड्यावर अंगठा उठवायचा असतो. झालं! बाईचा पारा चढला. रस्त्यापलीकडे आम्हाला तिचा आवाज ऐकू आला. "अंगठा? मी अक्षर शिकले ती अंगठा लावायला?" मास्तर समजावतात, ती ऐकेना. शेवटी मास्तरांनी आपला काळा अंगठा दाखवला. इस्कोने दाखवला, दोरोने दाखवला. ती वकिलापुढे जाऊन उभी राहिली. त्यालाही दाखवावा लागला. तेव्हा कुठे तिने अंगठा टेकला.

नत्थूजी आपल्या अंगठ्याकडे बघत होते. "वकिलाचा बी अंगठा घेते गा इथं," ते समाधानाने म्हणाले.

मोजणी

निकाल आधीच सांगून टाकतो. त्यांची आघाडी देशभर दणदणीत जिंकली, 'आपला माणूस' अध्यक्ष झाला, आणि आमच्या वाडीत दोन्ही बँड पुन्हा वाजले. या वेळी चाल एक होती, निदान अर्धा वेळ. इस्को दोरोच्या घरी जेवला. जेवण बेचव होतं असं त्याने परत येऊन सर्वांना सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. मला मात्र आठवते ती मतदानाचीच संध्याकाळ.

तिकडे पेटी तिथेच फोडतात आणि एकेक मत मोठ्याने वाचतात. शाळेत पेट्रोमॅक्स टांगला. सारं गाव बांबूच्या भिंतीला चिकटून उभं. आम्हालाही जागा मिळाली, सेबियाच्या शेजारी. ती दोन्ही हातांनी भिंत धरून उभी होती. इस्को आतल्या बाजूला आमच्या जवळ होता. वळून वळून आम्हाला सांगत होता.

मास्तर कागद उघडत, नावं वाचत, फळ्यावर रेघ पडे. बरीच मतं झाली. मग एक कागद उघडून मास्तर थांबले. दिव्याखाली धरला. सगळ्या गावाला कळलं, कागद सेबियाचा.

वकील पुढे झाला. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "हरकत. हे अक्षर नव्हे, ही नक्षी आहे. हे मत बाद करा."

दोरो बोलायला उठत होता, मास्तरांनी त्याला हाताने बसवलं. ते वकिलाला शांतपणे म्हणाले, "बाद करू. पण नोंद करायला हवी. त्यावर काय लिहिलंय ते जरा सांगा."

वकिलाने कागद हातात घेतला आणि नाव वाचलं. मोठ्याने, स्पष्ट, आपल्याच विरोधी उमेदवाराचं. मग खालचंही वाचलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"वाचता आलं ना?" मास्तर म्हणाले. "मग ते अक्षरच."

जो हशा उठला तो नारळीच्या बनापर्यंत गेला असेल. इस्कोने दोरोच्या पाठीत एवढी जोराची थाप मारली की तो टेबलावर पडला. वकील कानापर्यंत लाल झाला आणि मग, हे त्याच्याविषयी सांगायलाच हवं, तोही हसला. नत्थूजींनी माझा दंड घट्ट धरला होता. माझे डोळे भरून आले होते, आणि पेट्रोमॅक्सचा धूर होता असं मी म्हणणार नाही.

हसली नाही ती एकटी सेबिया. आपण लिहिलेलं दुसऱ्या माणसाच्या तोंडून ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. ती भिंतीवरून आत वाकली आणि वकिलाला काहीतरी म्हणाली. हशा थांबला. इस्को आमच्याकडे वळला.

"ती म्हणते, गोंगाटात नीट ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा."

वकिलाने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, कागद दिव्याजवळ नेला आणि पुन्हा वाचला.